पुन्हा निघालेलं जुनं किट: बीटनिक बँडिट, पारदर्शक घुमट आणि ऐन पावसाळ्यात मोतिया रंग

गॅरेजकोपरा

मे महिन्यात भाचा अमेरिकेहून आला. त्याला बजावून सांगितलं होतं, चॉकलेटं नकोत, बदाम नकोत, बॅगेत एक खोकं आण. आणलं बिचाऱ्याने, चुरगळू न देता आणलं. रेव्हेल कंपनीचं, बीटनिक बँडिट या हॉट रॉडचं किट, म्हणजे प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून करायची छोटी गाडी, १/२५ मापाची. मूळ किट १९६३ सालचं. त्यानंतर ते अनेकदा पुन्हा बाजारात आलं, त्यातलाच हा एक अवतार.

ज्यांना ही काय भानगड आहे ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हॉट रॉड म्हणजे अमेरिकेतल्या पोरांनी जुनी, स्वस्तातली फोर्ड वगैरे घ्यायची, मडगार्ड-बिडगार्ड काढून फेकायचं, छप्पर कापून बुटकं करायचं आणि आत भलंमोठं इंजिन बसवायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रात हे लोक गाड्या पळवत. १९३२ सालची फोर्ड ही त्यांची लाडकी, कारण त्या वर्षी फोर्डने सामान्य माणसाच्या गाडीत आठ सिलिंडरचं इंजिन दिलं.

एड रॉथ हा माणूस मात्र त्याच्या पुढचा. 'बिग डॅडी' म्हणत त्याला. गाड्यांच्या प्रदर्शनात बसून टी-शर्टवर एअरब्रशने, म्हणजे रंग फवारायच्या बारीक गनने, राक्षस काढून विकायचा. हिरवा, डोळे बाहेर आलेला, माश्या घोंघावणारा 'रॅट फिंक' उंदीर त्याचाच. जुनी गाडी कापण्यापेक्षा तो गाडी अक्षरशः घडवायचा. आधी प्लास्टरचा आकार हाताने कोरायचा, त्यावर फायबरग्लासचे थर द्यायचे आणि मग आतलं प्लास्टर फोडून काढायचं. त्याची बीटनिक बँडिट १९६१ ची. छप्पर नाही, त्याऐवजी पारदर्शक घुमट. तो त्याने प्लॅस्टिकची शीट पिझ्झाच्या भट्टीत तापवून हवेने फुगवला. स्टिअरिंगही नाही. मधोमध एक दांडी, तिनेच वळायचं, तिनेच वेग, तिनेच ब्रेक. रेव्हेलने त्याच्या गाड्यांची किटं काढली आणि दर किटमागे त्याला एक सेंट दिला. सेंट ऐकून हसू नका, किटं लाखांनी खपली.

आता माझं रडगाणं. खोकं उघडलं तर:

कडांना सगळीकडे पातळ पापुद्रे. काही भागांचे दोन अर्धे एकमेकांवर नीट बसत नाहीत, केसभर सरकलेत. सीटच्या पाठीवर गोल गोल ठसे. क्रोमचे भाग चकचकीत, पण ज्या ठिकाणी ते सुटे भाग धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या जाळीला जोडलेले होते तिथे कापल्यावर पांढरे डाग. आणि घुमट! घुमटावर बारीक ओरखडा आहे, अगदी ड्रायव्हरच्या नाकासमोर.

रंग मूळ गाडीचाच द्यायचा आहे. मोत्यासारखा पांढरा आणि पट्ट्यांच्या कडेला सोनेरी-तपकिरी झाक, जी आत जाता जाता विरते. एअरब्रश आहे, छोटा कॉम्प्रेसर आहे, बायकोची परवानगी गच्चीपुरती आहे. मोतिया रंग आयुष्यात कधी मारलेला नाही. जाणकारांनी बोलावं.

---

डायमेकर_भोसरी

मालक, पापुद्रे म्हणजे फ्लॅश. तीस वर्षं डायच्या, म्हणजे प्लॅस्टिकचे भाग ओतायच्या साच्यांच्या, कामात गेली, म्हणून बोलतो. डायचे दोन भाग जिथे मिटतात ती पार्टिंग लाईन. हजारो-लाखो शॉट मारले, म्हणजे तितक्या वेळा भाग ओतले, की तिथल्या कडा झिजतात, गोल होतात. मग गरम प्लॅस्टिक त्या फटीत घुसणारच. वरून मशीनचा दाब कमी पडला तर अजून घुसतं. साठ वर्षांपूर्वीची डाय गोदामात ठेवून पुन्हा बाहेर काढायची, गंज घासायचा, ग्रीस पुसायचं आणि मशीनवर चढवायची म्हणजे असंच होणार. दोन अर्धे सरकलेत ते डायचे भाग जुळवणाऱ्या गाइड पिन झिजल्यामुळे.

सीटवरचे गोल ठसे इजेक्टर पिनचे. गार झालेला भाग डायमधून बाहेर ढकलायला पिना असतात, त्यांच्या टोकाचे ते ठसे. त्या काळी डिझाइन करणाऱ्याने ठसे दिसणार नाहीत अशा बाजूला द्यायला हवे होते, पण सगळीकडे जमत नाही. आणि एखाद्या जाड जागी खळगा दिसला तर तो सिंक मार्क, आतलं प्लॅस्टिक उशिरा गार होऊन आकसतं त्याचा.

हे सगळं भरून काढता येतं. फ्लॅश ब्लेडने खरवडा, कापू नका. ब्लेड उभं धरून आपल्याकडे ओढायचं.

---

गॅरेजकोपरा

> ब्लेड उभं धरून आपल्याकडे ओढायचं

हे वाक्य आधी वाचलं असतं तर एक एक्झॉस्ट पाइप वाचला असता. असो.

---

हॉटव्हील्सवेडा

बीटनिक बँडिट!! १९६८ साली हॉट व्हील्सच्या पहिल्या सोळा खेळण्यातल्या गाड्या आल्या त्यात ही होती. माझ्याकडे नाही हे आधीच सांगतो, उगाच व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू नका. माझ्या लहानपणी लिओ मॅटेलच्या भारतात बनलेल्या मिळायच्या, पाकीट फाडून शाळेच्या दप्तरात. ती पाकिटं जपली असती तर आज... जाऊ द्या.

घुमटाला वाळूचा कागद अजिबात लावू नका.

---

डबलकोट

वरच्या प्रतिसादाशी असहमत. लावायचा, पण पद्धतीने. १५०० चा वॉटर पेपर, मग २०००, मग ३०००, प्रत्येक वेळी पाण्यात बुडवून आणि प्रत्येक वेळी आधीच्या दिशेला आडवं घासून. घुमट आधी पांढरा धुरकट होईल, घाबरू नका. शेवटी गाडीला मारतात ते रबिंग कंपाउंड मऊ कापडावर. ओरखडा नखाला लागत नसेल तर कागदसुद्धा नको, नुसतं कंपाउंड पुरे.

आणि पांढऱ्या डागांसाठी: क्रोम पूर्ण काढून टाका. हे क्रोम म्हणजे खरं क्रोम नव्हे. प्लॅस्टिकवर आधी लॅकरचा थर आणि त्यावर निर्वात पोकळीत उडवलेला ॲल्युमिनियमचा पापुद्रा. कपडे पांढरे करायचं ब्लीच असतं, त्यात भाग बुडवून ठेवा. अर्ध्या तासात चकाकी विरघळून जाते, बघायला मजा येते. खिडकी उघडी ठेवा आणि त्यात दुसरं काहीही मिसळू नका, विशेषतः संडास साफ करायचं ॲसिड. क्लोरीन वायू सुटतो.

---

गॅरेजकोपरा

क्रोम सगळं नाही काढणार. इंजिनावरचा सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) आणि चाकं ठेवतो. खरी गाडी तशीच चकचकीत होती आणि साठच्या दशकातल्या किटचा भपका घालवला तर उरलं काय? डाग आतल्या बाजूला वळवून बसवतो.

---

सह्याद्रीएक्सप्रेस

काका, बाळबोध प्रश्न. एवढे दोष असतील तर कंपन्या नवी डाय का करत नाहीत? आता तर संगणकावर सगळं होतं.

---

डायमेकर_भोसरी

नव्या डायला लागतो तो पैसा किती किटं खपल्यावर निघेल, हा हिशोब. जुनी डाय आहे तर फुकटात आहे. खोकं नवं छापा, स्टिकर नवे द्या, चला. आमच्या एमआयडीसीतपण वीस वर्षांपूर्वीच्या बादलीची डाय अजून चालते.

---

गॅरेजकोपरा

शिवाय नवं केलं तर ते मूळ राहत नाही, असं माझं मत. हे पापुद्रे १९६३ च्या कारागिराच्या हातचे आहेत असं समजून मी घासतोय. (बायको म्हणते, पापुद्रे ते पापुद्रेच.)

---

बे_एरियातला_बंड्या

खरी गाडी पाहिली आहे! नेवाडात रीनोच्या नॅशनल ऑटोमोबाइल म्युझियममध्ये आहे. आम्ही टाहो तळ्याला निघालो होतो, बर्फामुळे वाट वाकडी केली आणि पोरांना कंटाळा येऊ नये म्हणून शिरलो. फोटोत वाटते त्यापेक्षा लहान आहे. आणि रंग सरळ समोरून पाहिला तर साधा दुधी वाटतो, दोन पावलं बाजूला सरकलं की सोनं उजळतं. मी चार वेळा इकडून तिकडे फिरलो, गार्ड बघायला लागला.

म्हणून सोनेरी झाक जास्त मारू नका. मॉडेलवर ती अशीही दुप्पट दिसते.

घुमटासाठी इथले लोक फरशीला चमक आणणारं ॲक्रिलिक पॉलिश वापरतात. त्यात बुडवायचा, कडेवरचा थेंब टिपकागदाने टिपायचा, भांड्याखाली झाकून वाळवायचा. बारीक ओरखडे दिसेनासे होतात. चिकटवताना सुपरग्लू वापरू नका, वाफेने काच धुरकट होते.

---

गॅरेजकोपरा

बंड्याभाऊ, प्रतिसाद दोन दिवस उशिरा आला. घुमटाची पुढची कडी सुपरग्लूने चिकटवली आणि घुमटाच्या आत पांढरी वाफ धरली आहे. बोटाचे ठसेसुद्धा उमटलेत, पोलीस पंचनामा करू शकतील इतके स्पष्ट.

---

डबलकोट

आतून कंपाउंड. कापूस काडीला गुंडाळून. वैताग येईल, पण निघतं. उरलेलं सगळं साध्या फेविकॉलने चिकटवा. वाळला की पारदर्शक होतो आणि काचेला काही करत नाही.

---

*(अकरा दिवसांनी)*

गॅरेजकोपरा

प्रगती. बॉडीचे दोन सांधे पुट्टीने भरले. किटवाल्यांची महागडी पुट्टी नाही, नाना पेठेत गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून एनसी पुट्टीचा छोटा डबा आणला. पातळ थर, एक दिवस वाळू दिला, ४०० ने घासलं, परत थर. एकदा जाड थर दिला तर प्लॅस्टिक मऊ पडून खड्डा झाला. त्यातला थिनर पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लॅस्टिक, खातो, हे माहीत असून केलं.

इंजिन झालं. ओल्ड्समोबिलचं व्ही-८, वर सुपरचार्जर. वायर म्हणून जुन्या टेलिफोनच्या तारेतली एक-एक बारीक तार वापरली. जोडायला तो पातळ पाण्यासारखा गोंद, जो फटीत आपोआप ओढला जातो. बाटलीवर वाचलं, आत ॲसिटोन आणि ब्यूटिल ॲसिटेट. म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हरची सख्खी बहीण. चिकटवत नाही, प्लॅस्टिक वितळवून एकजीव करते.

टायर विनाईलचे आहेत, ते वेगळ्या पिशवीत ठेवले. जुन्या किटमध्ये टायर वर्षानुवर्षं बॉडीला टेकून राहिले की त्यातलं तेलकट द्रव्य प्लॅस्टिकमध्ये उतरतं आणि बॉडीवर टायरचा कायमचा ठसा बसतो. माझ्या एका जुन्या मॉडेलचे टायर आता रिमला असे चिकटलेत की निघतच नाहीत.

मग प्रायमर, मग पांढरा, मग मोतिया. आणि मोतियाचा दुसरा हात मारला त्या संध्याकाळी पाऊस आला. गच्चीवर पत्रा आहे, गाडी भिजली नाही, पण सकाळी पाहतो तर अर्धी बॉडी ताकासारखी. चमक गायब. पुसूनही जात नाही. आता सगळं काढून परत?

---

केमिकललोच्या

थांबा, काढू नका. याला ब्लशिंग म्हणतात. तुमचा रंग लॅकर थिनरमधला आहे ना? थिनर भराभर उडतो आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. पृष्ठभाग हवेपेक्षा गार पडतो, हवेत ओल भरलेली, ती तिथे दवासारखी जमते आणि ओल्या लॅकरमध्ये अडकते. माठातलं पाणी गार होतं त्याचंच हे भावंड.

उपाय: रिटार्डर थिनर, म्हणजे सावकाश उडणारा. रंगाच्या दुकानात मिळतो. कोरडी हवा असेल त्या दिवशी नुसत्या रिटार्डरचा अगदी हलका फवारा त्या जागेवर मारा. वरचा थर किंचित ओला होतो, अडकलेली ओल निघून जाते, चमक परत येते. जास्त मारलात तर ओघळ येईल. आणि कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा ट्रॅप बसवा, पावसाळ्यात नळीतून पाणी येतं.

---

पेणचा_मूर्तिकार

रात्रीचे दोन वाजलेत. चतुर्थीला वीस दिवस राहिले, अडीचशे मूर्ती अजून आखणीच्या आहेत. पण मोतिया रंग म्हटल्यावर राहवलं नाही.

आमचे रंग बहुतेक पाण्यातले, तुमचा थिनरचा, त्यामुळे ते ताक-बिक आमच्याकडे होत नाही. पण मोती हातात धरायची रीत एकच. मोती स्वतः झाकत नाही. तो खालचा रंग दाखवतो आणि वर फक्त उजेड खेळवतो. लोकांना वाटतं चमक कमी आहे, म्हणून एकाच जागी मारत सुटतात. मग तिथे ढग दिसतो. मूर्तीच्या गालावर असा ढग आला तर गिऱ्हाईक मूर्ती परत देतं.

गन लांब धरा. वीतभर तरी. हवा जास्त, रंग कमी. मूर्तीबाहेर सुरुवात करा आणि मूर्तीबाहेर थांबा, हात मधे थांबू देऊ नका. एक हात आडवा, वाळू द्या, दुसरा उभा. चार हात झाले तरी वाटलं पाहिजे की अजून काही झालंच नाही. पाचव्याला दिसेल.

सोनेरी कडेसाठी कागदाची पट्टी चिकटवू नका, किंचित वर धरा. आमच्याकडे पितांबराच्या काठाची सावली तशीच काढतात. कागद चिकटवला की रेघ येते, वर धरला की विरते.

आणि वाळवायला बल्ब लावा. आम्ही पावसात खोलीत मोठे बल्ब लावून ठेवतो. तुमचं प्लॅस्टिक आहे, लांब ठेवा.

तो एड रॉथ प्लास्टरवर फायबर चढवून आतलं प्लास्टर फोडायचा म्हणता, ते वाचून बरं वाटलं. म्हणजे एक मूर्ती, एकच. साचा नाही.

---

गॅरेजकोपरा

दादा, काय बोलू. सीझनमध्ये एवढं लिहिलंत. वीतभर! मी चार बोटांवरून मारत होतो.

---

सह्याद्रीएक्सप्रेस

हा धागा आता पेणला हलवावा ही नम्र विनंती.

---

*(सहा दिवसांनी)*

गॅरेजकोपरा

रविवारी ऊन पडलं. सकाळी अकरा ते दोन. रिटार्डरचा फवारा मारला, ताक गेलं. खोटं नाही सांगत, डोळ्यांदेखत गेलं, जसा आरशावरचा वाफारा जातो तसा. मग खोलीत बल्ब, गाडी लांब, आणि मोतियाचे पाच हात वीतभरावरून. चौथ्यापर्यंत वाटत होतं आपण नुसती हवा मारतोय. पाचव्याला दिसलं.

सोनेरी कडा कागद वर धरून मारल्या. डाव्या मागच्या कोपऱ्यावर हात हलला, तिथे सोनं जरा जास्त झालं. ठेवतो तसंच.

आता दुसरी गंमत. मधली दांडी, जिने गाडी चालते ती, चिमट्यातून उडाली. जोंधळ्याच्या दाण्यापेक्षा बारीक भाग. पूर्ण गच्ची झाडली, टॉर्च जमिनीला लावून पाहिलं, बायकोचे जुने नायलॉनचे मोजे व्हॅक्यूमच्या तोंडाला बांधून फिरवलं. नाही. ड्रायव्हर आता कशाने वळणार?

---

डबलकोट

ताणलेला स्प्रू. भाग काढून झाल्यावर उरलेल्या जाळीचा दोन इंच तुकडा घ्या, मेणबत्तीच्या वर (आत नाही) फिरवत धरा, मधे लोण्यासारखा मऊ झाला की दोन्ही हातांनी सावकाश ओढा. हवी तेवढी बारीक दांडी मिळते. वरची मूठ म्हणून फेविकॉलचा एक थेंब, वाळला की रंगवा.

---

हॉटव्हील्सवेडा

घुमट लावलात की दांडी दिसणारही नाही.

---

गॅरेजकोपरा

दिसते. मीच सांगतो, दिसते.

घुमटाचं सांगायचं राहिलं. डाव्या बाजूने तो अर्ध्या मिलिमीटरने वर राहतो. डायमेकरकाका म्हणतात तशी झिजलेली डाय. घासून बसवता आला असता, पण आता मोतिया रंगाच्या काठाला कागद लावायची माझ्यात हिंमत नाही. म्हणून घुमट चिकटवलाच नाही. मागच्या बाजूने टेकवून थोडा उघडा ठेवलाय, जणू कोणी आत्ताच उतरलंय. आतली वाफ बऱ्यापैकी गेली, एक अंगठ्याचा ठसा मात्र राहिला आहे. आत वाकून पाहिलं तरच दिसतो.

दांडी ताणलेल्या स्प्रूची केली, तिसऱ्या प्रयत्नात. पहिले दोन केसासारखे झाले.

---

पेणचा_मूर्तिकार

फोटो पाहिला. डावा मागचा कोपरा. तिथे हात थांबला होता ना?

---

गॅरेजकोपरा

थांबला होता, दादा. फोन वाजला.

---

बे_एरियातला_बंड्या

समोरून दुधी, बाजूने सोनं. जमलंय!

---

*(चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी)*

गॅरेजकोपरा

सापडली. गणपतीच्या आराशीसाठी गच्चीवरची चटई झटकली, त्यातून टक्कन पडली. दांडी, मूळ, १९६३ च्या डायमधली, क्रोमसकट. भाचा फोनवर म्हणाला, मामा, आता खरी बसव. दहा मिनिटं दोन्ही दांड्या शेजारी शेजारी ठेवून बघत बसलो होतो.

बसवली नाही. मूळ दांडी काडेपेटीत ठेवून काडेपेटी खोक्यात टाकली. पुढच्या महिन्यात भाचा परत येतोय. त्याला मिस्टीरियन आणायला सांगितलंय, रॉथचीच, दोन इंजिनांची. डायमेकरकाका, फ्लॅशची तयारी ठेवतो.